दारव्ह्याहून जहाजापर्यंत

मुंबईहून सिंगापूरला जाणारं प्रवासी जहाज पकडायचं ठरलं की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, नेरकडचा माणूस पहिल्यांदा विचारतो, समुद्र लागतो का? समुद्र थोडाफार लागतो, त्यावर गोळी आहे. माणूस अडतो तो आधार कार्डावर नावाला जोडलेल्या एका 'बाई'पायी किंवा 'राव'पायी, आणि त्यावर ऐनवेळी घ्यायची गोळी नाही. म्हणून इथं जहाजावरच्या नाचगाण्यापेक्षा जहाजाच्या शिडीपर्यंतचंच जास्त लिहिलं आहे.

आधी महिना ठरवावा. मुंबईचा जहाजांचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यात आटोपतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. बारा-चौदा रात्रींच्या एकतर्फी फेऱ्या रोज सुटत नाहीत. जहाज आखात किंवा युरोपातला हंगाम संपवून आशियाकडं सरकतं, तेव्हा मुंबई, कोची, कोलंबो, फुकेत, पेनांग, पोर्ट क्लांग, सिंगापूर असा मार्ग निघतो. आपल्याकडं दिवाळीपासून कापसाची वेचणी, डिसेंबर-जानेवारीत तुरीची सोंगणी, मग हरभरा. वावरातलं काम पाहिलं तर मार्चअखेर सोयीची. पण पैशाचं गणित वेगळं आहे. बुकिंगच्या वेळी थोडी रक्कम भरावी लागते आणि उरलेली जहाज सुटायच्या साधारण ६० ते ९० दिवस आधी. म्हणजे मार्चच्या जहाजाचे पूर्ण पैसे डिसेंबर-जानेवारीतच जातात. कापसाचा चुकारा आला की भरू, असं ठरवलं आणि चुकारा लांबला, तर आधी भरलेली रक्कमही बुडू शकते. त्या तारखेनंतर रद्द केलं तर कपात टप्प्याटप्प्यानं वाढत जाते आणि शेवटच्या आठवड्यांत बहुधा काहीच परत मिळत नाही. तेव्हा गेल्या हंगामाच्या पैशावर जहाज धरावं, उभ्या पिकावर धरू नये.

आता पासपोर्ट. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तात्काळला वर २,००० रुपये. साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जाच्या फीत दहा टक्के सूट आहे. अर्ज ऑनलाइन, आणि तपासणीला नागपूरचं सेवा केंद्र किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पोस्टात असलेलं केंद्र. केंद्रात फार वेळ लागत नाही, वेळ लागतो नाव जुळवायला. शाळेच्या दाखल्यावर 'शेवंता', आधारवर 'शेवंताबाई', मतदान कार्डावर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. पुरुषांचंही तेच: 'नामदेव', 'नामदेवराव', कुठं 'नामदेवजी'. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. वानखडेतला 'व' एका कागदावर एका अक्षरानं आणि दुसऱ्यावर दुसऱ्या अक्षरानं लिहिलेला असतो. मराठीत वाचताना हा फरक दिसत नाही आणि यंत्राला तेवढाच दिसतो. अर्ज करण्याआधी आधार, पॅन, दाखला, बँक पासबुक असे चार कागद एका टेबलावर ओळीनं मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षरागणिक ताडून पाहावं. फरक निघाला तर आधी आधार दुरुस्त करावं, मग अर्ज. उलटं केलं तर दोनदा नागपूर. जन्मतारखेचंही तसंच. जुन्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जुलैचा, कारण गुरुजींनी शाळेत तीच लिहिली. ती खरी का खोटी हा वाद घालू नये, सगळ्या कागदांवर एकच आहे ना एवढं बघावं.

पोलीस पडताळणीला अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर माणूस सापडला पाहिजे. मुलाकडं पुण्याला चार महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचा अर्ज गावच्या पत्त्यावर टाकला आणि घराला कुलूप दिसलं, तर शेरा उलटा जातो आणि फाईल लोंबकळते.

पासपोर्ट हातात आला की जहाजाचं तिकीट त्यावरूनच काढायचं, आधारवरून नाही. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात असतं, आणि स्वतःचं नाव नि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. एजंट बऱ्याचदा मधलं नाव गाळतो. ते गाळू देऊ नये. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही माहेरच्या नावाचं काढावं, सहलीसाठी पासपोर्ट बदलत बसू नये. आणि मुदत प्रवास संपल्याच्या तारखेपासून पुढं किमान सहा महिने उरलेली असावी. निघायच्या तारखेपासून मोजून चालत नाही, इथं पुष्कळजण चुकतात.

व्हिसाचा नियम साधा आहे. जहाज ज्या ज्या देशात थांबणार, त्या प्रत्येकाचा कागद हवा, तुम्ही तिथं उतरणार नसाल तरी. 'आम्ही कोलंबोला खालीच येणार नाही' हे उत्तर चेक-इनच्या काउंटरवर चालत नाही. कागद अपुरा असेल तर मुंबईतच चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. श्रीलंकेला ईटीए (निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवेशाची परवानगी), सिंगापूरला व्हिसा. थायलंड आणि मलेशियाचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळं तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या महिनाभर आधी पुन्हा तपासावेत. सिंगापूरचा व्हिसा मान्यताप्राप्त एजंटामार्फत होतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. तालुक्याच्या स्टुडिओत निळा पडदा लावतात आणि चेहरा गोरा करून देतात. दोन्ही आधीच नको म्हणून सांगावं. आयकर विवरण भरत नसाल तर बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट तयार ठेवावं, आणि त्यात अर्जाच्या आदल्या दिवशी एकरकमी मोठा भरणा दिसू नये.

सिंगापूरला उतरण्यासाठी आणखी एक फॉर्म असतो, एसजी अरायव्हल कार्ड. पोचायच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांतच तो ऑनलाइन भरता येतो, म्हणजे तेव्हा आपण जहाजावरच असणार. जहाजावरचं इंटरनेट महाग. म्हणून पासपोर्टचा नंबर, केबिनचा नंबर, जहाजाचं नाव, उतरल्यावरच्या हॉटेलचा पत्ता हे सगळं कागदावर इंग्रजीत लिहून न्यावं आणि पेनांग किंवा पोर्ट क्लांगला उतरल्यावर भरून टाकावं. या फॉर्मला फी नाही. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे.

पैशाचं बघू. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर, कापते. तो पॅनवर जमा होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून विवरण न भरणाऱ्याला वाटतं की पैसे गेले. गेलेले नसतात, पण विवरण भरल्याशिवाय परत येत नाहीत. पॅकेज घेतलं त्या वर्षाचं विवरण सीएकडून भरून घ्यावं, आयकराच्या पोर्टलवर ती रक्कम दिसते.

जहाजावर रोकड चालत नाही. सगळं केबिनच्या कार्डावर लिहिलं जातं आणि शेवटी डॉलरमध्ये हिशोब होतो. त्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडलेलं बरं. डेबिट कार्ड जोडलं तर खर्च होवो न होवो, बँक काही रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला आठवडा-दीड आठवडा जातो. सहकारी बँकेची बरीच कार्डं देशाबाहेर चालतच नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात, ते घरी असतानाच ॲपमधून सुरू करावेत, कारण ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. आंतरराष्ट्रीय जहाजांवर माणशी, दिवसागणिक सोळा-वीस डॉलर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे जहाजावरच्या नोकरांची बक्षिसी, आपोआप लागते. चौदा रात्री, दोघं नवराबायको असा हिशोब केला की आकडा बराच होतो. बुकिंगच्या वेळीच विचारावं की ती किमतीत धरली आहे का. खिशात थोडे डॉलर असावेत. आपल्या नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच देशाबाहेर नेता येतात.

केबिन निवडताना खिडकीपेक्षा जागा बघावी. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसणारा उडतो आणि मधल्या सीटवरचा बसून राहतो. जहाज पुढून-मागून वरखाली होतं तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, आणि खालचे मजले वरच्यांपेक्षा कमी झुलतात. म्हणून मधलं आणि खालचं. फक्त वरच्या मजल्यावर काय आहे ते नकाशात पाहून घ्यावं. डोक्यावर नाचघर आलं तर झोपेचं काही खरं नाही. मळमळीची गोळी प्रवास सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. आलेपाक जवळ असावाच.

सामानात विदर्भाच्या माणसाची खरी अडचण होते. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, उदबत्ती-निरांजन, चाकू आणि अडकित्ता घरीच ठेवावेत. जहाजावर आगीची भीती वादळापेक्षा मोठी मानतात. एक्स-रेत यातलं काही दिसलं की ती बॅग केबिनला येतच नाही, सुरक्षा विभागात पडून राहते आणि तुम्हाला जाऊन उघडून दाखवावी लागते.

खाण्याचं आणखी वेगळं. घरी केलेलं अन्न जहाजावर बहुतेक कंपन्या घेऊ देत नाहीत. कंपनीच्या सीलबंद पाकिटाला सहसा हरकत नसते. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून नेली तर ती धक्क्यावरच राहील, त्यापेक्षा सीलबंद चटणी-लोणच्याची पाकिटं घ्यावीत. डिंकाच्या लाडवांत खसखस असते, घरच्या काळ्या मसाल्यातही असते. खसखस सिंगापूरला बंदी असलेल्या मालात मोडते, तिथं अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. हौसेनं लाडू नेऊ नयेत. खर्ऱ्याचंही तसंच. चघळायची तंबाखू सिंगापूरला नेणं गुन्हा आहे, मग ती पन्नीत घोटलेली असो की पुडीत. रोज चार-पाच खर्रे लागणाऱ्यानं निघायच्या दोन महिने आधीपासून कमी करत आणावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो समुद्र लागल्यासारखा बसतो आणि दोष लाटांना देतो. आणि जहाजावर पिंक टाकायला कोपरा नाही.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावं. बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, कारण ती बॅग संध्याकाळी उशिरापर्यंत केबिनला येत नाही. जहाजाला वजनाचं फारसं बंधन नसतं म्हणून लोक पोतं भरल्यासारखं भरतात, पण सिंगापूरहून परत विमानानं यायचं असतं. विमानाच्या तिकिटावरचा किलोचा आकडा पाहूनच घरून बॅग भरावी. जहाजातलं प्लग बहुधा गोल दोन पिनांचं असतं. मोबाइलचा आपला दोन पिनांचा चार्जर त्यात बसतो, तीन पिनांचा बसत नाही. आणि एक प्लास्टिकचा छोटा तांब्या. जहाजातलं संडास हवेच्या दाबानं ओढणारं असतं. त्यात कागदाशिवाय दुसरं काही टाकलं तर आपलंच नाही, ओळीतल्या केबिनांचंही तुंबतं.

मुंबईला जहाजाच्या आदल्या दिवशी पोचायचं, त्याच दिवशी नाही. रात्रीच्या गाडीनं मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याहून बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि बंदर तिथून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर. हिशोब इतका जवळचा दिसतो की लोक त्याच दुपारचं जहाज धरतात. पण वाटेत मालगाडी बंद पडली, भुसावळ-मनमाडकडं काम निघालं किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबली, तर चार तास कुठं जातात कळत नाही, आणि जहाज रेल्वेची वाट बघत नाही. नॅरोगेजची शकुंतला गाडी दारव्ह्याहून मूर्तिजापूरला न्यायची तेव्हा तर हा दिवस दोन दिवसांचा असता. गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढावं. समृद्धी महामार्गानं यायचं तर कारंज्याहून चढता येतं. नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. पण आमणे भिवंडीजवळ आहे, दक्षिण मुंबईत नाही. पुढचे काही किलोमीटर मागच्या शंभरांइतके थकवतात. म्हातारी माणसं असतील तर रेल्वेच बरी.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'बंदरावर' म्हणू नये. मुंबईत बंदरं कमी नाहीत. भाऊच्या धक्क्यावर मांडव्याची बोट आणि मासळी, गेटवेला घारापुरीच्या लाँचेस, आणि न्हावाशेवा तर खाडीपलीकडं, तिथं कंटेनर चढतात, माणसं नाही. आपल्याला जायचं ते बॅलार्ड पियरला, बॅलार्ड इस्टेटच्या बाजूनं. मुंबई बंदराची गेटं रंगांच्या नावानं ओळखली जातात: ग्रीन, रेड, ब्लू, यलो, ऑरेंज. तुमच्या बोर्डिंग पासवर जो रंग लिहिला असेल तोच सांगावा. चुकीच्या रंगाला उतरलं तर बॅगा ओढत भिंतीकडेनं उन्हात चालावं लागतं, कारण आतून एका गेटातून दुसऱ्याकडं सोडत नाहीत.

तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. काउंटर इतके असले तरी हजार-दीड हजार माणसं एकदम आली की रांग लागतेच, म्हणून कंपनी प्रत्येकाला वेळ ठरवून देते. ती वेळ ऑनलाइन चेक-इन करताना निवडायची असते. लवकरची वेळ लवकर संपते, म्हणून चेक-इन उघडलं त्याच दिवशी करून टाकावं. त्यात पासपोर्टचा आणि चेहऱ्याचा फोटो चढवावा लागतो. गावच्या ऑनलाइन सेवा केंद्रातून करून घेत असाल तर पासपोर्टच्या फोटोत बोट किंवा ट्यूबलाइटची चमक आलेली नाही हे स्वतः बघावं. बॅगांच्या चिठ्ठ्या तिथूनच छापून मिळतात. त्यावर केबिनचा नंबर असतो. घडी घालून, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून, हँडलला स्टेपलरच्या चार पिना. रेल्वेत एका पिनेची चिठ्ठी हमखास निघते, म्हणून लावायच्या त्या मुंबईला पोचल्यावर.

गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवला की आत सोडतात. निरोप द्यायला आलेल्यांनी गेटाबाहेरूनच परतायचं, हे गावाहून निघतानाच सांगून ठेवावं, नाहीतर धक्क्यावर रुसवे-फुगवे होतात. आत गेल्यावर पहिलं काम मोठ्या बॅगा सोडण्याचं. हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड असला की झालं. मग सुरक्षा तपासणी, मग कंपनीचं काउंटर. तिथं व्हिसा पाहतात, तब्येतीबद्दल विचारतात. गेल्या दोन-तीन दिवसांत उलट्या-जुलाब झाले असतील तर खरं सांगावं, कारण बंद जहाजात पोटाची साथ वणव्यासारखी पसरते. केबिनचं कार्ड मिळतं. हेच किल्ली, हेच पाकीट, हेच ओळखपत्र. त्यानंतर इमिग्रेशनचा शिक्का. काही मार्गांवर जहाज पासपोर्ट स्वतःकडं ठेवून घेतं, कारण पुढच्या बंदरातले अधिकारी ते एकगठ्ठा तपासतात. घाबरू नये, पावती घ्यावी. उतरताना जवळ असाव्यात म्हणून प्रत्येकाच्या पासपोर्टच्या दोन झेरॉक्स घरूनच आणाव्यात. काउंटर जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी बंद होतो आणि त्यानंतर ओळख, विनवणी, काहीही चालत नाही.

चढल्यावर केबिन लगेच मिळेलच असं नाही. तोवर जेवण सुरू असतं. शाकाहारी म्हटलं तरी त्यांच्या शाकाहारात अंडं येतं, म्हणून 'अंडं नको' हे वेगळं सांगावं. जैन किंवा बिनकांद्याचं हवं असेल तर महिनाभर आधी कंपनीला कळवलेलं असावं. एकादशीला फळं मिळतील, साबुदाणा मिळणार नाही.

केबिनमध्ये पाय पसरायच्या आधी सुरक्षेची कवायत उरकावी. कार्डावर तुमच्या जमण्याच्या ठिकाणाचं अक्षर छापलेलं असतं. तिथं जाऊन कार्ड दाखवायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. आंतरराष्ट्रीय नियमानं ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच लगेच करावी लागते. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं तेव्हा नव्यानं चढलेल्या शेकडो लोकांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम आवळला. जो जात नाही त्याचं नाव पुकारतात आणि केबिनपर्यंत येतात.

जहाज सुटताना टगबोटी, म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटी, त्याला धक्क्यापासून बाजूला ओढतात. बंदराचा पायलट जहाज खाडीतून बाहेर काढतो आणि मोकळ्या पाण्यात आलं की दोरीच्या शिडीनं खाली लाँचमध्ये उतरून परत जातो. डाव्या-उजव्या कठड्याला जाऊन ते पाहावं, फुकट आहे. घरचा फोन त्याच्या आधी करून घ्यावा. कुलाब्याच्या टोकाचा प्रॉन्ग्स दीपगृह मागं पडला की नेटवर्क एक-दोन कांड्यांवर येतं, आणि मोबाइल आपोआप जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, त्याचं मिनिटाचं बिल परदेशातल्या रोमिंगपेक्षाही जड. तेव्हाच फ्लाइट मोड लावावा, घड्याळ मात्र जहाजाचंच पाळावं. कोलंबोची वेळ आपल्याइतकीच, फुकेतला दीड तास पुढं, पेनांग-सिंगापूरला अडीच तास. काटे रात्री पुढं सरकवायची चिठ्ठी संध्याकाळी केबिनच्या दारात येते.